दगडी झाडांच्या रानात देवक निघालं

आमच्या लेकीचं लग्न जमत आलं होतं आणि ते मोडायला एक शब्द पुरेसा होता. तो शब्द मला ठाऊक होता, बाकी कुणालाच नाही. तो पोटात ठेवून मी बदलापूरहून थेट जैसलमेर गाठलं. माझ्यासारख्या बाईने इतका वेळ तोंडाला कुलूप घालायचं म्हणजे काय, ते आमच्या कुळगावातल्या गल्लीत जाऊन विचारा.

मुलगा वांगणीचा, म्हणजे आमच्या पुढच्याच स्टेशनचा. पण नोकरी राजस्थानात, पवनचक्क्यांवर इंजिनीअर. लग्नानंतर काही वर्षं तरी लेकीला तिकडेच संसार थाटायचा होता. मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं तर वांगणीत जाऊन काय बघणार? आमचे हे म्हणाले, "फोटो मागवून घेऊ." मी म्हटलं, फोटोत नळाला पाणी किती वेळ येतं ते दिसतं का? शेजार कसा आहे ते दिसतं का? एकुलती एक लेक वाळवंटात द्यायची आणि घर बघायचं मोबाइलवर? शेवटी तिकिटं काढली. आम्ही दोघं, लेक, आणि त्यांच्याकडून मुलाची आत्या.

या आत्याबाई म्हणजे त्या घरातलं हायकोर्ट. मुलाची आई तो लहान असतानाच गेली, वडलांचे गुडघे धरलेले. मुलाला वाढवलं, शिकवलं ते आत्याबाईंनी. वय झालेलं, पण अंगाने काटक, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. त्यांनी हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की विषय संपला.

माझी लेक अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिशीला टेकली. याआधी जी स्थळं आली त्यांना हिने नाकं मुरडली, नाहीतर त्यांनी हिला. हा पहिलाच, ज्याला ती आपणहून हो म्हणाली. संध्याकाळी त्याचा फोन आला की गॅलरीत जाऊन हळू हसायची. ते हसणं ऐकून मला स्वयंपाकघरात रडू यायचं, खोटं कशाला सांगू.

आणि मग निघायच्या आदल्या दिवशी माझी मोठी जाऊ चिवडा भरायला आली. तिचं माहेर वांगणीकडचं. पिशवीला गाठ मारता मारता म्हणते कशी, "काय गं, त्यांच्यात पण मांडवाला कळंबच लागतो ना? माझ्या भावाच्या शेजारचंच घर ते."

माझ्या हातातली बरणी पडायचीच बाकी होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "हे कुणाला बोललीस तर तुझं-माझं संपलं," म्हटलं. बिचारी घाबरून चिवड्याचं मीठ-तिखट विचारत बसली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. आमच्यात प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. कुणाचं उंबर, कुणाचं आपटा, कुणाचं वड. आमचं कळंब. लग्नात सगळ्याच्या आधी त्या झाडाची डहाळी आणून मांडवात पुजतात. त्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, त्याचं लाकूड जाळायचं नाही, पानावरसुद्धा पाय द्यायचा नाही. आणि ज्यांचं देवक एक, ती माणसं एका रक्ताची. आडनावं वेगळी का असेनात, पोरगा-पोरगी भाऊ-बहीण. लग्नाचं नाव काढायचं नाही.

हल्ली वधू-वर मेळाव्यात काय काय विचारतात! पॅकेज किती, रक्तगट कोणता, मंगळ आहे का, फ्लॅटवर लोन आहे का. देवक कुणी विचारत नाही. ते सगळ्यांना आठवतं मांडव घालायच्या वेळी. माझा विचार सरळ होता. पत्रिका वाटून झाल्या, हॉल ठरला, की मग देवक निघालं तरी कोण मोडतंय? लाजेकाजेस्तव काहीतरी तोड काढतातच. तोवर फक्त विषय निघू द्यायचा नाही.

विषय निघू न देणं हा तर माझा धंदाच. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठच्या साड्यांच्या दुकानात मी किती वर्षं काउंटरला उभी आहे. शेठने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "देख बाई, गिऱ्हाईकाचा हात साडीवर जिथे थांबला ना, तिथे डाग आहे समज. हात थांबला की फटकन दुसरी साडी उघड." मग काय, रेल्वेत आत्याबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्यात मांडवाला काय काय..." की मी दुसरी साडी उघडायची. "आत्याबाई, तुमच्या वांगणीला आता किती टॉवर झाले हो!" मग त्या बिल्डरांच्या नावाने बोटं मोडत बसायच्या. पुन्हा त्यांनी "आमच्यात हळदीला..." म्हटलं की मी चिवड्याचा डबा पुढे. आमचे हे वरच्या बर्थवर झोपलेले. लेक खिडकीशी. जोधपूर येईस्तोवर माझ्या पाठीला रग लागली होती.

जैसलमेरला मुलगा न्यायला आला होता. सगळ्यांच्या बॅगा त्यानेच उचलल्या. त्याच्या खोल्या चांगल्या होत्या, पाणी होतं, खालच्या मजल्यावर एक नागपूरचं कुटुंब होतं. लेक ओट्याशी उभी राहून कुठे काय ठेवायचं ते मनातल्या मनात लावत होती, मला कळत होतं. मी म्हटलं, देवा, आता फक्त सुखरूप घरी पोहोचव.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कंपनीची गाडी काढली. आधी पवनचक्क्या दाखवल्या. मग म्हणाला, "काकू, इथून जवळच आकल आहे. दगड झालेल्या झाडांचं पार्क. बघण्यासारखं आहे." मला काय कल्पना! दगडच बघायचे ना, म्हटलं, चला. दगड बघताना कुणाला लग्नातलं काय आठवणार आहे.

गेटवर तिकीट काढून आत गेलो. पार्क म्हणायचं, पण आत एक पान हिरवं नाही. तांबूस, खडकाळ उतार. थंडीचे दिवस, तरी ऊन चरचरत होतं. इथेतिथे लोखंडी जाळीचे पिंजरे, वर पत्रा, आणि पिंजऱ्यात आडवे पडलेले ओंडके. उल्हासनगरला फर्निचर बाजाराच्या मागे लाकडाच्या वखारी आहेत ना, अगदी तसे. साल दिसते, गाठी दिसतात, कापलेल्या तोंडाशी वर्तुळं दिसतात. कुठेतरी फांदी फुटल्याची खूण. पण सगळा दगड. काही तुकडे जाळीबाहेर नुसतेच जमिनीवर पसरलेले, लाकडाच्या ढलप्यांसारखे. मी एक पायाने सरकवून पाहिला तर खण्ण वाजला.

मुलगा समजावत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं, पाऊस होता, जवळ समुद्र होता. झाडं गाळात गाडली गेली, पाण्यातले क्षार आत शिरत गेले आणि लाकडाची जागा दगडाने घेतली. छान सांगत होता. लेक त्याच्याकडे बघत होती आणि मी लेकीकडे.

एवढ्यात आत्याबाई थांबल्या.

"म्हणजे हे खरंच झाड हाय?" त्यांनी विचारलं.

"होतं, आत्या. आता दगड आहे."

"झाड ते झाडच." त्यांनी वाकून चपला काढल्या आणि तापलेल्या खडकावर अनवाणी उभ्या राहिल्या. जाळीतल्या ओंडक्याला हात जोडले. मग पायाखालचे ते तुकडे बघून एकदम पाऊल मागे घेतलं. "कुठलं झाड रे हे? वड का, पिंपळ का?"

"तसं नाही सांगता येत. फार जुनी आहेत."

"बोर्डावर पण नाही लिहिलेलं," आमचे हे म्हणाले. ते आल्यापासून बोर्ड वाचत होते.

"आपलं असलं तर? पाय लागला की आपला," आत्याबाई म्हणाल्या.

गिऱ्हाईकाचा हात थांबला होता, तोसुद्धा नेमका डागावर. मी पुढे झाले. "आत्याबाई, पाय भाजतील, चपला घाला बघू. आणि चला, तिकडे तो केवढा मोठा आहे..." त्यांचा दंड धरून मी त्यांना ओढलंच. त्या हलल्या, दोन पावलं आल्यासुद्धा. मी सुटले म्हणायचे तेवढ्यात लेक बोलली.

तिला आत्याबाईंना खूश करायचं होतं. बाकी काही नाही. पोरगी प्रेमाने म्हणाली, "आत्या, आमच्याकडे पण अगदी असंच मानतात हं. रस्त्यात कळंबाचं पान पडलेलं दिसलं ना, तरी मोठी काकू उचलून कडेला ठेवते."

आत्याबाई वळल्या. "कळंबाचंच का गं?"

मी लेकीकडे डोळे वटारले. तिला कसं कळणार? ती हसून म्हणाली, "देवक आहे ना आमचं."

वर पवनचक्क्यांचा वूं वूं आवाज चालला होता. इतका वेळ तो माझ्या कानावर पडला नव्हता. आत्याबाईंनी माझ्या हातातून दंड सोडवून घेतला.

"कळंब आमचं हाय," त्या म्हणाल्या. "मग ही दोघं भाऊ-बहीण झाली की."

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, आतून मात्र रंग उतरत होता. आत्याबाई माझ्याजवळ आल्या. "विहीणबाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

खोटं बोलायचं मनात होतं. पण मला राग आला की खोटं सुचत नाही, हा माझा जन्माचा घोळ. "होतं," मी म्हणाले. "निघायच्या आदल्या दिवशी कळलं. मग काय करायचं होतं? तिकिटं फाडायची? पोरीला सांगायचं, की बाई, तुला आवडला ना, तो तुझा भाऊ निघाला?"

"फसवलंत."

"कसलं फसवलं! तुम्ही तरी विचारलंत का? पगार सांगितलात, पवनचक्क्या सांगितल्यात. देवक तुमच्या तोंडून एकदा तरी निघालं का?"

लेक माझ्याकडे बघत होती. "तुला माहीत होतं, आई?" एवढंच म्हणाली. मग ती मुलाकडे वळली. सगळ्यांसमोर, शांतपणे तिने त्याला विचारलं, "तुला काय वाटतं?"

तो बिचारा लालबुंद झाला. रुमालाने मान पुसली. म्हणाला, "आत्या बोलतेय ना. होऊ दे तिचं बोलून." आणि मग, "ऊन फार आहे. मी सगळ्यांसाठी पाणी घेऊन येतो." आणि गेटच्या दिशेने चालायला लागला.

त्या वेळी मला त्याचं कौतुक वाटलं. म्हटलं, गुणी पोरगा, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालत नाही.

मग आमचं जुंपलं. माझा आवाज उल्हासनगरच्या बाजारात घडलेला, त्यांचा भाताच्या शेतात. चौकीदार आला, "माताजी, झगडा बाहर करो," म्हणाला. आत्याबाईंनी त्याला एका नजरेत परत पाठवला. त्या म्हणत होत्या, गाव थुंकेल. मी म्हणत होते, गाव थुंकायला राहिलंय कुठे, तुमच्या गावात निम्मे लोक परवा राहायला आलेले. त्या म्हणाल्या, मुलं-बाळं झाली आणि काही वाईट घडलं तर? तिथे मात्र माझी जीभ अडखळली. कारण ते मीही मानते. मला उगाच कुणी मॉडर्न समजू नका. त्या कळंबाला आजवर मी पाय लावलेला नाही. पण पोरगी समोर उभी होती, तोंड पांढरं पडलेलं, आणि मी काय तिला देवकापायी बळी देणार होते? मी सरळ हात जोडले. सासूलासुद्धा कधी जोडले नव्हते इतक्या मनापासून. "आत्याबाई, तुम्ही मोठ्या आहात. तोड काढा. पाया पडते."

आत्याबाईंनी वांगणीला भावाला फोन लावला. रेंज जात होती. त्या फोन घेऊन उतारावर इकडून तिकडे चालत होत्या, अनवाणीच. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी. त्या पाठीवर माझ्या लेकीचा संसार लटकलेला. "ऐकू येतंय का? कळंब! अरे कळंब!" एवढंच वाऱ्यावर ऐकू यायचं. लेक एका पिंजऱ्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली होती. मी तिच्याजवळ गेले नाही. गेले असते तर रडले असते.

शेवटी आत्याबाई परत आल्या. घाम पुसला आणि मला विचारलं, "तुमच्या माहेरचं देवक काय?"

"उंबर."

"भाऊ हाय?"

"आहे. शेलूला."

"मग पोरीला मामाच्या मांडीवर द्या. मामाची लेक म्हणून उभी राहील. देवक मामाचं बसेल, कन्यादान मामा-मामी करतील. तुम्ही दोघं पाहुण्यांत बसायचं. मुलीचे आई-बाप म्हणून पुढे यायचं नाय. चालेल?"

मी क्षणभर आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. मुलीचं कन्यादान, बापाच्या हातचं. ते बोर्डापाशी उभे होते. हिंदी वाचून झालं होतं, आता इंग्रजी चाललं होतं. "अहो," मी हाक मारली. वळून न बघता म्हणाले, "तुम्हीच ठरवा काय ते."

"चालेल," मी म्हणाले. "हजारदा चालेल."

आणि देवाशप्पथ सांगते, माझं अंग हलकं झालं. पोरीचं लग्न होतंय, मग मी पाहुण्यांत बसेन, नाहीतर भटारखान्यात वांगी चिरेन! मुलगा तेवढ्यात बाटल्या घेऊन आलाच. थंडगार. आत्याबाईंची बाटली स्वतः उघडून दिली, मग मला, ह्यांना, लेकीला. आत्याबाईंनी त्याला तोड सांगितली. "बरं झालं," तो म्हणाला आणि मोकळं हसला. हसला की गोड दिसतो, अजूनही म्हणेन.

लेकीने बाटली हातात तशीच धरली होती. "आई, जरा इकडे ये," म्हणाली.

आम्ही शेवटच्या पिंजऱ्यामागे गेलो. मला वाटलं, मी लपवलं म्हणून भांडणार. मी आधीच सुरुवात केली, "हे बघ, तुझ्यासाठीच..."

"मला नाही करायचं हे लग्न," ती म्हणाली.

"अगं, वेड लागलं का तुला? सुटलं सगळं! मामाच्या मांडीवर..."

"मी ऐकलं."

"मग? आता कशाला तोंड फिरवतेस? मी त्या बाईच्या पाया पडले, कळतंय का तुला? माझ्या आयुष्यात मी..."

"कळतंय." ती रडत नव्हती. ते मला जास्त लागलं. "आई, मी त्याला विचारलं होतं. सगळ्यांसमोर. त्याने हो म्हणायचं नव्हतं, नाहीसुद्धा चाललं असतं. देवक मानतो म्हणाला असता तरी मी समजून घेतलं असतं."

"अगं, मोठ्यांपुढे बोलला नाही. संस्कार आहेत. पाणी आणायला गेला बिचारा एवढ्या उन्हात."

"हो. पाणी आणलं," ती म्हणाली. "उद्या माझ्यावर काही मोठं आलं ना, तरी हा पाणीच आणायला जाईल."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच वाटली. तिशीची घोडी, एवढं जमून आलेलं, आणि ही माणसाला पाण्याच्या बाटलीवरून नापास करते. मी तोंड उघडलं, पण डोळे आपोआप बोर्डाकडे गेले. आमचे हे अजून तिथेच होते. हात मागे बांधून. नणंदेने मला घरातून काढायची भाषा केली तेव्हा ते असेच कॅलेंडर वाचत होते. लेक पोटात होती, सासू म्हणाली दवाखाना कशाला, तेव्हा हे सायकलची चेन घालायला बसले होते. वाईट माणूस नाही हो. कधी हात उगारला नाही, पगार आणून हातात दिला. पण प्रत्येक वेळी भांडायला मी एकटी. लोक म्हणतात, फार तिखट बाई. तिखट नसते तर उभी राहिले असते का?

माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. उरलं ते नुसतं वाईट वाटणं, छातीत दुखेल इतकं. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

"नक्की ना?" मी विचारलं. "पुन्हा स्थळ येईल, न येईल."

"नक्की. तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हणाले. "तू गाडीत बस."

ती गेटकडे गेली. मी उतार चढून परत आले तर आत्याबाईंनी पिशवीतून लाडवांचा पुडा काढला होता, आदल्या संध्याकाळी बाजारातून घेतलेला. त्यांचा चेहरा फुललेला. त्यांनाही हे मोडायचं नव्हतंच, आता दिसत होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी अख्खा लाडू माझ्या तोंडात कोंबला. "विहीणबाई, झालं गेलं विसरा. पोरगी मला पहिल्या दिवसापासनं आवडली हाय. तोंड गोड करा."

लाडू गोड होता आणि कोरडा होता. तो खाली उतरेना. त्या माझ्या तोंडाकडे बघत हसत होत्या आणि मी चावत होते. शेवटी एकदाचा गिळला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आमची मुलगी नाही म्हणते."

"आता काय झालं? सगळं तर तुमच्या मनासारखं केलं!"

"तिला तुमच्याबद्दल काही नाही. तिने तुमच्या मुलाला विचारलं होतं, तुला काय वाटतं. त्याचं उत्तर तिला मिळालं नाही."

आत्याबाईंनी पुडा बंद केला. मग त्या मुलाकडे वळल्या. तो बाजूलाच उभा होता, सगळं ऐकत होता, हातात बाटलीचं झाकण फिरवत होता. त्यांनी त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं.

"ऐकलंस का? ती गाडीत जाऊन बसली बघ. जा की रे! बोल की काहीतरी तिच्याशी!"

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली.

"आत्या," तो म्हणाला, "तूच बोल ना."